प्राण्याचं शास्त्रीय नाव बदलण्याआधी: नाशिकच्या नव्या अभ्यासकांसाठी मार्गदर्शक

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत घडाच्या देठाशी पांढरा कापूस दिसायला लागला, की शेतकरी म्हणतो पिठ्या ढेकूण आला. कृषी पुस्तिकेत त्याच किडीचं नाव मॅकोनेलिकोकस हिर्सुटस असं छापलेलं असतं. ग्रीन यांनी १९०८ मध्ये तिला नाव दिलं तेव्हा ती फेनाकोकस वंशात होती, त्यामुळे जुने लेख फेनाकोकस हिर्सुटस या नावाखाली सापडतात. दोन्ही नावं एकाच किडीची आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती अर्धीच माहिती लागते. यजमान झाडं कोणती, तिला खाणारे ढालकिडे कोणते, हे सगळं दुसऱ्या नावाखाली पडून राहतं. शास्त्रीय नाव टिकवायचं ते एवढ्यासाठी. नावाला लागून मागची सगळी निरीक्षणं येतात, आणि नाव विनाकारण बदललं की ती तुटतात.

प्राण्यांच्या नावांचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे आणि ती इंटरनेटवर मोफत वाचता येते. संहिता सांभाळणारा आयोग १८९५ मध्ये स्थापन झाला. वनस्पतींची संहिता वेगळी आहे. अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाला हे नियम लागत नाहीत, तिथल्याच गोगलगायीला लागतात. आपल्याकडच्या मिश्र गटांमध्ये ही गल्लत वारंवार होते.

शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करायला हवा. मराठीत स्पीशीजला कुणी जाती म्हणतं, कुणी प्रजाती. काही पुस्तकांत तर प्रजाती म्हणजे जीनस. इथे वंश म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. लॅटिन नावं देवनागरीत दिली आहेत ती फक्त वाचायच्या सोयीसाठी. संहितेच्या दृष्टीने नाव रोमन लिपीतच असावं लागतं, त्यामुळे नोंदवहीत आणि लेबलवर ते रोमनमध्येच लिहा.

पायरी १: नाव पूर्ण वाचायला शिका

घरातली चिमणी घ्या. पासर डोमेस्टिकस, पुढे कंसात लिनीअस, १७५८, म्हणजे नाव देणारा लेखक आणि साल. लिनीअस यांनी हे नाव दिलं तेव्हा चिमणीला फ्रिंजिला डोमेस्टिका म्हटलं होतं. पुढे जाती पासर वंशात गेली, म्हणून लेखकाचं नाव कंसात आलं. आता कावळा बघा: कॉर्व्हस स्प्लेंडेन्स व्हिएयो, १८१७. इथे कंस नाही, कारण नाव दिलं त्या दिवसापासून कावळा कॉर्व्हस वंशातच आहे. म्हणजे कंस शोभेसाठी नाही. तो तुम्हाला सांगतो की मूळ वर्णन वेगळ्या वंशाखाली शोधायचं आहे. याद्या टंकताना कंस गाळणं किंवा सगळीकडे सरसकट टाकणं ही नवख्यांची पहिली चूक, आणि ती एका यादीतून दुसऱ्या यादीत वर्षानुवर्षं उतरत जाते.

चिमणीच्या नावात आणखी एक गोष्ट आहे. डोमेस्टिकाचं डोमेस्टिकस झालं, कारण फ्रिंजिला स्त्रीलिंगी आणि पासर पुल्लिंगी. जातीचं नाव लॅटिन विशेषण असेल तर ते वंशाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ते नाम असेल, षष्ठी विभक्तीत असेल किंवा मुळात लॅटिन नसलेला शब्द असेल, तर बदलत नाही. आपल्या नद्यांतला महसीर टॉर खुद्री हे याचं जवळचं उदाहरण. साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं नाव बार्बस खुद्री असं ठेवलं, आणि खुद्री हा लॅटिन शब्द नाही. वंश कुठलाही येवो, खुद्री तसाच राहतो.

पायरी २: मूळ वर्णनाचं पान डोळ्यांनी पाहा

संकेतस्थळावरच्या याद्यांवर विसंबून नावाचा निर्णय घेऊ नका. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत जुनी नियतकालिकं आणि पुस्तकं स्कॅन करून मोफत ठेवलेली आहेत. मूळ पान उतरवून घ्या आणि त्यावरून पाच गोष्टी जशाच्या तशा टिपा: नावाचं स्पेलिंग, पान आणि चित्राचा क्रमांक, नमुने किती होते, जागा कोणती दिली आहे, आणि प्रकाशनाची तारीख.

तारीख सगळ्यात जास्त फसवते. मुखपृष्ठावरचं साल आणि अंक खरोखर बाहेर पडल्याचं साल यांत एक-दोन वर्षांचा फरक जुन्या नियतकालिकांत नेहमीचा आहे. छापलेली तारीख खोटी असल्याचा पुरावा नसेल तर तीच धरायची. फक्त महिना दिला असेल तर महिन्याचा शेवटचा दिवस, फक्त साल असेल तर ३१ डिसेंबर. दोन नावांच्या भांडणात इतक्या बारीक तारखेवर निकाल लागतो. दोन्ही नावं एकाच दिवशी, एकाच पुस्तकात आली असतील तर आधीच्या पानावरचं नाव आपोआप जिंकतं असा समज आहे, तो चुकीचा. दोन्ही नावं एकत्र उद्धृत करून त्यांतलं एक निवडणारा जो पहिला लेखक असेल, त्याची निवड चालते. तो लेखक तुम्हीच असाल तर वापरात रुळलेलं नाव निवडा.

प्राण्यांच्या नावांची सुरुवात १ जानेवारी १७५८ अशी मानली आहे, त्याआधीचं नाव धरायचं नाही. अपवाद क्लर्क यांच्या कोळ्यांवरच्या ग्रंथाचा. तो छापला १७५७ मध्ये, पण संहिता त्याला १७५८ चा मानते आणि त्यातल्या नावांना लिनीअस यांच्या नावांपेक्षा अग्रक्रम देते.

पायरी ३: नाव कशावर उभं आहे ते शोधा

नाव वर्णनाला चिकटलेलं नसतं, नमुन्याला चिकटलेलं असतं. एकच नमुना नाव वाहत असेल तर तो होलोटाइप. जुन्या लेखकांनी बरेचदा होलोटाइप नेमलाच नाही. मग त्यांनी वापरलेले सगळे नमुने मिळून सिनटाइप ठरतात. त्या ढिगात दोन जाती मिसळलेल्या निघाल्या तर त्यांतला एक निवडून लेक्टोटाइप करायचा. सगळेच नष्ट झाले असतील तर त्यांच्या जागी नव्याने नेमलेला नमुना म्हणजे निओटाइप.

हे किती महत्त्वाचं ठरू शकतं ते हत्तीवरून कळतं. एलेफस मॅक्सिमस हे लिनीअस यांनी दिलेलं आशियाई हत्तीचं नाव. त्यांनी पाहिलेला, दारूत ठेवलेला हत्तीचा गर्भ स्टॉकहोमला जपलेला आहे. तो आफ्रिकी हत्तीचा असल्याचं २०१३ मध्ये रेणवीय तपासणीतून स्पष्ट झालं. त्या गर्भालाच नाव बांधलं असतं तर आपल्या हत्तीचं नाव आफ्रिकी हत्तीकडे गेलं असतं. पण लिनीअस यांनी जॉन रे यांच्या वर्णनाचाही आधार घेतला होता. रे यांनी पाहिलेला सांगाडा फ्लॉरेन्सला सापडला, तो आशियाई हत्तीचा निघाला, आणि त्याला लेक्टोटाइप नेमून नाव जागच्या जागी राहिलं. जुन्या नमुन्यांचा कसून शोध घेतला की नाव असं वाचतं.

लेक्टोटाइप नेमताना तो शब्द स्पष्ट वापरा आणि हा नमुना आपण मुद्दाम नेमत आहोत असं वाक्य लिहा. ‘टाइप पाहिला’ एवढ्यावर भागत नाही. निओटाइपची अट तर फारच कडक आहे. नावाचा घोळ खरोखर सोडवायचा असेल तरच तो नेमता येतो. संग्रहात टाइप नाही म्हणून रिकामी जागा भरायला नाही. मूळ टाइप हरवला असं का वाटतं आणि तो शोधायला काय काय केलं, हे लिहावं लागतं. लक्षणं, नमुना ओळखण्याइतका तपशील, मूळ वर्णनाशी जुळणी, शक्य तितकी मूळ जागेजवळची जागा आणि मान्यताप्राप्त संस्थेची मालकी, हे सगळंही लागतं. यातली एक अट सुटली तरी निओटाइप बाद होतो.

आपल्या भागात मूळ जागेचं दुखणं जुनं आहे. साइक्स यांनी १८३२ मध्ये किल्ल्यांच्या कड्यांवर दिसणाऱ्या धुरकट पाकोळीला हिरुंडो कॉनकलर म्हटलं (आज ती टायनोप्रोग्ने वंशात आहे) आणि जागा दिली ‘दख्खन’. तो दख्खन नाशिकपासून कुठपर्यंतही पसरतो. पाकोळीच्या बाबतीत त्याने फारसं बिघडत नाही. पण डोंगरागणिक बदलणाऱ्या गोगलगायी, खेकडे किंवा पाली असतील तर अशा मोघम जागेने पुढच्या माणसाचे हात बांधले जातात. म्हणून तुमच्या लेबलवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव किंवा किल्ला, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार आकड्यांपर्यंत, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. जुन्या लेबलवर ‘खानदेश’ असेल तर ते तसंच उतरवा. आजचा जिल्हा धुळे, जळगाव की नंदुरबार हे चौकटी कंसात स्वतंत्र लिहा, मूळ शब्द खोडून नव्हे. अल्कोहोलमधल्या बाटलीत बॉलपेनची शाई महिनाभरातही उतरू शकते, म्हणून लेबल पेन्सिलने किंवा न विरघळणाऱ्या काळ्या शाईने लिहायचं, आणि ते बाटलीच्या आत ठेवायचं. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी निघून पडते.

लेबल खोटं असलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच घडलं. ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याला हेटेरोग्लॉक्स ब्लेविट्टी असं नाव दिलं. खरे नमुने १८८४ पर्यंतचेच होते. नंतरचा १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून दाखवलेला नमुना जुन्याच संग्रहातला उचलून त्यावर खोटं लेबल लावलेला निघाला. ते लेबल बाजूला सारून खऱ्या नमुन्यांच्या जागांवर शोध घेतला, तेव्हा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा दिसला. आज त्याला कुणी हेटेरोग्लॉक्समध्ये ठेवतं, कुणी अथेनेमध्ये. अथेने लिहिलंत तर ह्यूम कंसात जातील, हेटेरोग्लॉक्स लिहिलंत तर कंसाबाहेर.

पायरी ४: बदल कशाचा आहे ते वेगळं करा

घाटेअळीचं नाव हेलिओथिस आर्मिजेराचं हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा झालं, तेव्हा संहितेचा कुठलाही वाद नव्हता. नात्यांचा अभ्यास पुढे गेला आणि जाती दुसऱ्या वंशात बसवली गेली. असे बदल विज्ञानाचे आहेत. संहिता त्यांत पडत नाही आणि ते थांबवायचेही नसतात. थांबवायचे ते दुसरे बदल: प्राण्याबद्दल नवं काहीच कळलेलं नाही, फक्त जुन्या कपाटातून आधीचं एखादं नाव निघालं म्हणून रुळलेलं नाव पाडायचं. पुढची पायरी त्यांच्यासाठी आहे.

पायरी ५: जुनं नाव सापडलं? आधी मोजा

नवख्या अभ्यासकाला जुनं नाव सापडलं की ते लगेच पुन्हा चालू करायची घाई होते. अग्रक्रमाचा नियम, म्हणजे आधी दिलेलं नाव धरायचं हा नियम, तसं सांगतोही. पण संहितेचं कलम २३.९ त्याला लगाम घालतं. एकाच प्राण्याच्या दोन नावांपैकी आधी दिलेलं ते थोरलं, नंतर दिलेलं ते धाकटं. दोन अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तर धाकटं नाव कायम ठेवावंच लागतं:

पहिली: थोरलं नाव १८९९ नंतर कुणीही वैध नाव म्हणून वापरलेलं नसावं.

दुसरी: धाकटं नाव मागच्या ५० वर्षांत, किमान १० लेखकांनी, किमान २५ प्रकाशनांत वैध नाव म्हणून वापरलेलं असावं, आणि ही प्रकाशनं किमान १० वर्षांच्या काळात पसरलेली असावीत.

मोजणीसाठी तक्ता करा. रकाने असे: साल, लेखक, प्रकाशन, पान, नाव कसं वापरलं, पान स्वतः पाहिलं का. शेवटचा रकाना टाळू नका. जे पान पाहिलं नाही ते मोजायचं नाही.

चुका बहुतेक इथेच होतात. समजा, एका गोगलगायीच्या धाकट्या नावाची तुम्हाला ३१ प्रकाशनं मिळाली. पण त्यांतली बहुतेक एकाच प्रयोगशाळेतली आहेत आणि वेगळे लेखक मोजले तर आठच भरतात. मग अट पूर्ण झाली नाही. किंवा लेखक १५ आहेत, पण ती कीड अलीकडेच गाजली म्हणून सगळे लेख आठ वर्षांतले आहेत. तरीही नाही. समानार्थी नावांच्या यादीत नाव आलं, सूचीत आलं, सारांशांच्या संकलनात आलं, तर त्याला वापर म्हणत नाहीत. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे: थोरलं नाव १९५० च्या एखाद्या सूचीत दिसलं म्हणून पहिली अट मोडत नाही.

पण आपल्याकडच्या प्राण्यांसाठी एक जागा मुद्दाम तपासा. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही मालिका १८८८ मध्ये सुरू झाली आणि तिचे पुष्कळ खंड १८९९ नंतरचे आहेत. फुलपाखरांचे १९०५ आणि १९०७ चे, मृदुकाय प्राण्यांचा १९०८ चा. त्यांत थोरलं नाव वैध म्हणून एकदा जरी वापरलं असेल तर पहिली अट मोडली. शंभर लेख धाकट्या बाजूला असले तरी.

दोन्ही अटी भरल्या तर लेखात दोन्ही नावं एकत्र लिहा, धाकटं नाव वैध आहे असं स्पष्ट म्हणा, हे कलम २३.९ नुसार करत आहोत असं लिहा आणि मोजणीचा पुरावा जोडा. मग थोरलं नाव ‘नोमेन ऑब्लिटम’, म्हणजे विस्मृत, आणि धाकटं ‘नोमेन प्रोटेक्टम’, म्हणजे संरक्षित ठरतं. तक्ता लेखाच्या पुरवणीत छापा. ‘विनंतीवरून मिळेल’ असं लिहिलं तर पुरावा दिला असं होत नाही.

पायरी ६: अटी भरत नसतील तर आयोगाकडे जा

अटी भरल्या नाहीत, पण जुनं नाव परत आणलं तर गोंधळ होईल असं खरंच वाटत असेल, तर नाव स्वतः बदलू नका. आयोगाकडे अर्ज करा. अर्ज ‘बुलेटिन ऑफ झूलॉजिकल नॉमेनक्लेचर’मध्ये छापला जातो, त्यावर कुणीही मत पाठवू शकतं, मग आयोगाचे सदस्य मतदान करतात आणि निर्णय क्रमांकासह प्रसिद्ध होतो. प्रकरण विचाराधीन आहे तोवर प्रचलित वापर चालू ठेवायचा असतो.

अर्जात क्रमांकवार परिच्छेद लागतात: प्रत्येक नावाचं मूळ वर्णन, टाइप कुठे आहेत, आजवरचा वापर, बदलामुळे नेमकं काय बिघडेल, आणि शेवटी आयोगाने काय करावं याची नेमकी मागणी. ‘हे नाव प्रसिद्ध आहे’ असं म्हणून भागत नाही. कीड असेल तर विलगीकरणाच्या याद्या आणि कृषी पुस्तिका, संरक्षित प्राणी असेल तर कायद्याची परिशिष्टं दाखवा.

आपल्या ओळखीचं उदाहरण गव्याचं. जंगली गव्याचं नाव बॉस गौरस १८२७ चं; ईशान्येकडच्या पाळीव मिथुनाचं नाव बॉस फ्रॉन्टॅलिस १८०४ चं. दोघांना एकच जाती मानलं तर रानगव्याला पाळीव जनावराचं नाव लागलं असतं. २००३ मध्ये निर्णय क्रमांक २०२७ देऊन आयोगाने अशी १७ रानटी जातींची नावं राखली. रानम्हशीचं ब्युबॅलस आर्नी त्यांतलंच.

आयोग दर वेळी हो म्हणतोच असं नाही. फळमाशी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर जनुकशास्त्रात जगभर वापरली जाते, पण ड्रोसोफिला वंशाचा टाइप, म्हणजे वंशाचं नाव जिला बांधलेलं आहे ती जाती, ती नाही. तो ड्रोसोफिला फ्युनेब्रिस आहे. वंश फोडला तर मेलॅनोगॅस्टर सोफोफोरा या वेगळ्या वंशात जाईल. टाइप बदलावा असा अर्ज झाला, पण २०१० मध्ये आयोगाने तो नाकारला. फक्त एका जातीच्या प्रसिद्धीसाठी बाकी सगळ्या वंशाचा पाया हलवायला बहुमत मिळालं नाही, आणि आमच्या मते तो निर्णय योग्यच होता.

पायरी ७: स्पेलिंग ‘सुधारू’ नका

मूळ स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी ते बहुतेक वेळा तसंच राहतं. एका आयऐवजी दोन आय, किंवा उलट, हा बदल तर हमखास लोक आपल्या मनाने करतात. तसंच एखादं चुकीचं स्पेलिंग सर्वत्र रुळलं असेल आणि ते मूळ लेखकाच्या नावे चालत असेल, तर संहिता तेच बरोबर मानते. व्हेल शार्कच्या वंशाचं नाव १८२८ मध्ये छपाईत ऱ्हायनिओडॉन असं आलं. ऱ्हिंकोडॉन हे रूप राखायला १९८४ मध्ये आयोगाला निर्णय द्यावा लागला.

पायरी ८: नवं नाव देताना पुढची डोकेदुखी टाळा

त्र्यंबक-हर्सूल पट्ट्यात अजून कितीतरी लहान प्राण्यांना नाव नाही, त्यामुळे ही वेळ तुमच्यावर येऊ शकते. नाव नवं आहे हे लेखात स्पष्ट लिहा. वेगळेपणाची लक्षणं शब्दांत द्या. होलोटाइप नेमा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला, कुठल्या क्रमांकाने, हे सांगा. जैवविविधता कायदा २००२ नुसार नवी जाती सापडली की ठरवलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करावा लागतो. नाशिकहून सगळ्यात सोयीचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यात आकुर्डीला असलेलं पश्चिम विभागीय केंद्र. नमुने गोळा करण्याची वन खात्याची परवानगी त्याआधीच हातात हवी.

लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर प्रकाशनापूर्वी झूबँकमध्ये, म्हणजे आयोगाच्या ऑनलाइन नोंदवहीत, त्याची नोंद हवी, नोंदीचा पुरावा आणि प्रकाशनाची तारीख लेखातच छापलेली हवी, आणि झूबँकच्या नोंदीत लेख कुठे कायम जपला जाणार त्या संग्रहाचं नाव आणि नियतकालिकाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) हवा. संपादक हे करतील असं गृहीत धरू नका. अंतिम प्रूफमध्ये नोंदणी क्रमांक छापला आहे का ते स्वतः पाहा, आणि झूबँकचं पान उघडून संग्रहाचा रकाना रिकामा नाही ना ते बघा. हे राहून गेलं तर ऑनलाइन नाव उपलब्धच ठरत नाही, म्हणजे संहिता ते धरतच नाही, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्याच प्राण्याला नाव दिलं तर अग्रक्रम त्याच्याकडे जातो.

पीएचडीच्या प्रबंधात, परिषदेच्या सारांशात किंवा वर्तमानपत्राच्या बातमीत नवं नाव आधी फोडू नका. प्रबंधात ‘जाती क्रमांक १’ असं लिहा, किंवा यातली नावं नामकरणाच्या हेतूने प्रसिद्ध केलेली नाहीत असं पहिल्याच पानावर छापा. पत्रकारांना फोटो आणि जागा द्यायची तर तीही लेख बाहेर पडल्याच्या दिवशीच.